मोडीतली भांडी आणि गच्चीतली बाग

पुण्याच्या जुन्या बाजारात एखादे भांडे हाती घेतले की मी ते सर्वांत आधी उलटे करून त्याचा तळ पाहते. विक्रेत्यांना याची गंमत वाटते, कारण बहुतेक गिऱ्हाइके भांड्याची घडण, कडी आणि वजन पाहतात आणि तळाकडे फक्त तो गळका नाही ना एवढ्याच शंकेने बघतात. मला मात्र गळकेच भांडे हवे असते, आणि गळके भांडे मोडीच्या भावाने मिळते हा त्यातला आणखी एक फायदा. दर बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरणारा हा बाजार, गल्लीतून हाळी देत जाणारा भंगारवाला आणि पेठांमधले वाडे पाडले जात असताना रस्त्याच्या कडेला काढून ठेवलेले सामान, या तीन ठिकाणांहून माझ्या गच्चीतल्या निम्म्याहून अधिक कुंड्या आल्या आहेत. त्यांतली एकही वस्तू कुंडी म्हणून घडवलेली नव्हती.

जुन्या घरगुती वस्तूंत झाडे लावणे ही मुळात हौस नव्हती. मुंबईच्या चाळींच्या गॅलऱ्यांमध्ये डालड्याच्या पिवळ्या डब्यांत तुळस, ओवा आणि सदाफुली वाढली. १९३७ मध्ये बाजारात आलेले ते वनस्पती तूप संपले की डबा आधी डाळीतांदळाला, मग पाण्याला आणि पत्रा गंजू लागला की तुळशीला, असा क्रम घरोघरी ठरलेला असे. या क्रमात एक शहाणपण होते, ते असे की झाडाचा नंबर शेवटचा होता. वस्तू आपल्या मूळ कामातून पूर्णपणे निवृत्त झाल्याशिवाय तिच्यात माती पडत नसे. आज समाजमाध्यमांवर जी रंगवलेली किटली आणि जो चकचकीत हंडा फुलझाडांसह दिसतो, तो पुष्कळदा धडधाकट असतो. त्याला केवळ छायाचित्रासाठी कामावरून काढलेले असते, आणि छायाचित्र निघाल्यानंतर महिन्याभराने त्यातल्या झाडाचे काय झाले हे कोणी दाखवत नाही. किटलीतले झाड सहसा बुडून मरते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की कुंडीसाठी जुनी वस्तू निवडताना तिचे रूप सर्वांत शेवटी पाहावे. पाणी कोठून जाणार, मुळांना खोली किती मिळणार आणि वस्तू कशाची बनलेली आहे, या प्रश्नांची उत्तरे मनासारखी मिळाली तरच तिच्या दिसण्याचा विचार करावा. पालेभाज्यांना सहा इंच खोली पुरते, मिरची, वांगी आणि टोमॅटो यांना फूटभर लागते, तर लिंबू आणि कढीपत्ता यांना दीड फुटाच्या आत समाधान नसते. ही मापे डोक्यात पक्की असली की बाजारातल्या निम्म्या वस्तू आपोआप नजरेआड होतात आणि पैसे वाचतात.

पाण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण या बाबतीत एक समजूत फार घट्ट बसलेली आहे. भांड्याला भोक पाडायचे नसेल तर तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालावेत, म्हणजे जादा पाणी खाली साठते आणि मुळे सुरक्षित राहतात, असे अनेक जण सांगतात. प्रत्यक्षात बारीक कणांच्या मातीने केशाकर्षणाने धरून ठेवलेले पाणी खालच्या खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. ते मातीच्या सर्वांत खालच्या थरातच अडून राहते, आणि खडीमुळे तो चिंब थर मुळांच्या अधिक जवळ, म्हणजे वर सरकतो. भांडी घासायचा स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरला आणि टपटप थांबल्यावर तोच उभा केला, तर त्यातून पुन्हा पाणी गळू लागते. उंच भांड्यात आणि पसरट भांड्यात नेमका हाच फरक पडतो. चिंब थराची जाडी दोन्हींत सारखीच असते, पण पसरट भांड्यात त्या थराने बरीचशी जागा व्यापलेली असते आणि मुळांना हवेशीर माती थोडीच उरते. त्यामुळे परात, तसराळे किंवा वॉश बेसिन यांसारख्या उथळ वस्तूंत माती नेहमीपेक्षा भुसभुशीत हवी, तिच्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि जाडसर वाळू जास्त हवी, आणि भोके तर हवीतच. फूटभर रुंदीच्या तळाला दहा मिलिमीटरची चार-पाच भोके मी पाडतेच पाडते, आणि प्रत्येक भोकावर खापराचा एकेक तुकडा पालथा ठेवते. माती वाहून जाऊ नये एवढेच त्या खापराचे काम आहे.

पत्र्याच्या डब्याला भोक पाडताना खिळा आतून बाहेर ठोकावा. बाहेरून आत ठोकला तर पत्र्याची फाटलेली कड आतल्या बाजूला उभी राहते, भोकाभोवती जणू एक छोटा बांध तयार होतो आणि त्या बांधाच्या उंचीइतके पाणी डब्यात कायम साचून राहते. डबा मग त्याच पाण्याच्या पातळीवर आधी गंजतो. ही गोष्ट अगदी क्षुल्लक वाटते, पण कुजलेल्या मुळांची चौकशी केली तर पुष्कळ वेळा ती या अर्ध्या सेंटिमीटरपाशी येऊन थांबते. आतून ठोकायचे तर डब्याखाली लाकडाचा ठोकळा किंवा वाळू भरलेली पिशवी ठेवावी लागते, आणि लांब खिळा लागतो, इतकाच काय तो व्याप.

माझ्या अनुभवात सर्वांत चोख कुंडी निघाली ती कपडे धुण्याच्या यंत्राचा स्टेनलेस स्टीलचा ड्रम. समोरून कपडे घालायच्या यंत्रांमध्ये या ड्रमला मागच्या बाजूने तीन हातांचा अ‍ॅल्युमिनियमचा आधार जोडलेला असतो. साबणाच्या आणि क्षारांच्या पाण्याने हा आधार वर्षानुवर्षे झिजत जातो आणि शेवटी मोडतो. तेव्हा दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या मानाने परवडत नाही, आणि दुरुस्तीच्या दुकानाबाहेर संपूर्ण ड्रम नव्यासारखा लखलखत पडून राहतो. मोडका आधार स्क्रू काढून वेगळा करता आला तर उत्तमच, आणि स्क्रू गंजून बसले असतील तर आसासकट ड्रम तीन विटांवर तोलून ठेवता येतो. त्याला एकही भोक पाडावे लागत नाही, कारण त्याच्या अंगभर भोकेच भोके असतात. आतून हिरव्या शेडनेटचा दुहेरी थर लावला की माती बाहेर येत नाही. गोणपाटही चालते, पण ते एका पावसाळ्यात कुजते.

या भोकांचा खरा उपयोग पाणी जाण्यापुरता नाही. बंद कुंडीत मूळ भिंतीला टेकले की वळते आणि भिंतीला धरून गोल गोल फिरत राहते, आणि काही वर्षांनी मुळांचा असा गुंता होतो की झाड माती असूनही उपाशी राहते. भोकाच्या ड्रममध्ये मुळाचे टोक भोकापाशी आले की त्याला हवा लागते, ते तिथेच सुकते, आणि मागून त्याला नवे फाटे फुटतात. रोपवाटिकांत यासाठी मुद्दाम जाळीदार कुंड्या वापरतात. त्या विकत घेतल्या तर चांगल्याच महाग पडतात, आणि इकडे तेच काम भंगारातला ड्रम करतो. त्याचा एक तोटा मात्र मान्य करायला हवा: सर्व बाजूंनी वारा लागत असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत त्याला सकाळी आणि संध्याकाळी असे दोनदा पाणी द्यावे लागते. ज्यांना उन्हाळ्यात गावाला जायचे असते, त्यांनी हा नाद करू नये. माझ्या ड्रममध्ये कागदी लिंबू आहे, आणि त्याच्या पायाशी पालापाचोळ्याचा चार बोटे जाडीचा थर कायम असतो.

वॉश बेसिन आणि स्वयंपाकघरातले सिंक यांना तर पाणी जाण्याची वाट आधीपासूनच दिलेली असते. घराचे नूतनीकरण करताना लोक धडधाकट बेसिनही केवळ रंग आवडत नाही म्हणून काढतात, आणि ते जुन्या मालाच्या दुकानांत किंवा इमारतीच्या आवारात फरशीच्या तुकड्यांसोबत पडलेले असते. त्याचे वेस्ट कपलिंग, म्हणजे पाणी जाण्याच्या भोकात बसवलेली जाळी, शाबूत असेल तर ते तसेच राहू द्यावे. बेसिन उथळ असल्यामुळे त्यात पुदिना, कोथिंबीर किंवा चिनी गुलाब एवढेच लावावे. सिंक आठ-नऊ इंच खोल असते, त्यात पालक, मेथी, मुळा यांचे चांगले पीक येते. पुदिन्यासाठी बेसिन विशेष योग्य, कारण पुदिना जमिनीत किंवा मोठ्या वाफ्यात लावला की तो शेजाऱ्यांच्या हद्दीत शिरतो, आणि बेसिनच्या गुळगुळीत काठापाशी त्याला थांबावेच लागते.

सिंक ठेवायला मी शिवणाच्या पायमशीनचा बिडाचा स्टँड वापरते. वरची लाकडी फळी वाळवीने खाल्लेली होती, म्हणूनच तो मला मिळाला, नाहीतर अशा स्टँडवर काच टाकून त्याचे टेबल करणारे लोक बाजारात माझ्या आधी पोचलेले असतात. विक्रेता म्हणाला, “ताई, मशीन नसताना नुसत्या पायाचं काय करणार?” मी म्हटले, “दादा, त्यावर मोरी बसवणार आहे.” त्यानंतर त्याने घासाघीस केली नाही. बीड वजनाला भक्कम असते आणि माती भरलेल्या सिंकचा भार सहज पेलते, परंतु त्याचे चारही पाय अगदी लहान जागेवर टेकतात आणि गच्चीच्या जलरोधक थरात रुतून तो फोडू शकतात. म्हणून प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवलेला आहे. पायटा तारेने बांधून पक्का करावा, म्हणजे मुलांची बोटे त्यात सापडणार नाहीत.

लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या हा माझा हळवा विषय आहे. वरून तपकिरी आणि खालून सायीच्या रंगाच्या या बरण्या महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक घराच्या फडताळात कधी ना कधी होत्या, आणि उत्तर प्रदेशातले खुर्जा हे गाव अशा चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेले आहे. झाकण हरवलेली किंवा काठाचा टवका उडालेली बरणी लोणच्याला निरुपयोगी ठरते, कारण तिचे तोंड घट्ट बांधता येत नाही. अशीच बरणी घ्यावी. झाकणासकट मिळाली तर तिच्यात लोणचेच घालावे. झिलईला बारीक भेगा गेलेल्या असतील तर आत वर्षानुवर्षांचे मीठ मुरलेले असण्याची शक्यता असते, तेव्हा ती पाण्यात बुडवून ठेवून ते पाणी काही वेळा बदलावे.

बरणीला भोक पाडणे हे घाईचे काम नव्हे. बरणी ओल्या गोणपाटावर पालथी ठेवावी, तळावर कागदी चिकटपट्टीची फुली मारावी आणि तिच्याभोवती कणकेसारख्या मळलेल्या चिकणमातीचे गोल आळे करून त्यात पाणी ओतावे. ड्रिल यंत्राला दहा मिलिमीटरचे पोकळ डायमंड बिट लावावे, यंत्राचा हातोडीचा खटका बंद आहे याची खात्री करावी, आणि सुरुवात तिरपी करावी. सरळ टेकवले तर गुळगुळीत झिलईवरून बिट घसरते. तिरपे टेकवल्यावर आधी चंद्रकोरीसारखी खाच पडते, आणि ती खाच धरून यंत्र हळूहळू उभे करत नेता येते. आळ्यातले पाणी दुधाळ होऊ लागते, म्हणजे काम चालू आहे. हाताने दाब देऊ नये, यंत्राचे स्वतःचे वजन पुरेसे असते. शेवटच्या एक-दोन मिलिमीटरला आवाज बदलतो, किंचित पोकळ होतो, आणि तेव्हा दाब होता त्याहूनही कमी करावा लागतो, कारण तळाचा टवका आतल्या बाजूने उडतो तो याच क्षणी. मधली चकती नाण्यासारखी सुटून पाण्यासह आत पडली की काम झाले. धूळ पाण्यात राहते हा या पद्धतीचा दुसरा मोठा फायदा आहे. चिनी मातीची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून कोरडे भोक कधीही पाडू नये.

बरणीत काय लावावे हा प्रश्न तिच्या तोंडाशी निगडित आहे. माठ, कळशी, हंडा आणि बरणी यांची तोंडे पोटापेक्षा अरुंद असतात, आणि त्यात वाढलेले झाड मुळांसकट बाहेर काढता येत नाही. एक तर झाड तोडावे लागते, नाहीतर भांडे फोडावे लागते. स्नेक प्लांटसारखी झाडे तर आपल्या जाड कंदांनी भांडे आतून स्वतःच फोडतात. त्यामुळे अरुंद तोंडाच्या भांड्यात मी मरवा, दवणा किंवा एका हंगामात संपणारी फुलझाडेच लावते. पाणी गार होत नाही म्हणून घराबाहेर काढलेला माठ याच वर्गातला. त्याची सूक्ष्म छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात, म्हणून पाणी पाझरत नाही आणि बाष्पीभवन होत नाही; कुंडी म्हणून मात्र तो चालतो. मटका सिंचनासाठी, म्हणजे पाणी भरलेल्या माठाच्या पाझरावर झाडे जगवण्यासाठी, तो माठ मातीत पुरण्याचा मोह होतो, पण ज्या कारणाने तो पाणी गार करत नाही त्याच कारणाने तो मुळांना पाणीही पाझरवणार नाही. त्यासाठी नवाच मातीचा माठ लागतो.

याउलट रोवळी ही जणू टांगत्या कुंडीसाठीच केलेली वस्तू आहे. धुतलेले तांदूळ निथळत ठेवण्याच्या पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या रोवळ्या आता क्वचितच वापरात आहेत. आतून नारळाच्या सोडणाचा थर लावावा, तीन साखळ्यांनी टांगावी आणि त्यात खाली झेपावणारी कोणतीही वेल लावावी.

तांब्यापितळेबद्दल माझे मत थोडे कडक आहे. तांब्याचा बंब, घंगाळ आणि हंडा यांना भोके पाडून त्यात झाडे लावणे मला पटत नाही. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी अजून आहे, तिथे पोचा आलेले भांडे ठोकून सरळ करून मिळते, आणि ज्याची दुरुस्ती खरोखरच शक्य नाही त्याचे तांबे मोडीत इतके पैसे देते की त्यातून भाजलेल्या मातीच्या डझनभर कुंड्या येतील. शिवाय तांबे मुळांना मानवत नाही. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण द्राक्षबागांमध्ये बुरशी मारते ते त्यातल्या तांब्यामुळेच. परदेशांतल्या रोपवाटिकांत कुंडीच्या आतून तांब्याच्या संयुगाचा लेप देण्याची पद्धत आहे, कारण मुळाचे टोक तिथे टेकले की त्याची वाढ थांबते. शोभेच्या झाडाला याने फारसे बिघडणार नाही, पण आंबट, खताळ मातीत तांबे हळूहळू विरघळत राहते, म्हणून खाण्याची भाजी तांब्यापितळेत लावू नये. घंगाळात पाणी भरून कमळ लावायचे आणि डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडायचे, ही कल्पना फार लोकप्रिय आहे. तांबे माशांना विषारी असते, त्यामुळे त्या बिचाऱ्या गप्पींचा मात्र बळी जातो. घंगाळाची हौस असेलच तर झाड साध्या कुंडीत लावून ती कुंडी आत ठेवावी, म्हणजे घंगाळही शाबूत राहते.

अ‍ॅल्युमिनियमची पातेली आणि जुने प्रेशर कुकर हे कमी मानाचे पण कामाचे आहेत. धातू मऊ असल्यामुळे भोके झटपट पडतात, गंज चढत नाही, आणि कुकरला तर उचलायला मूठही असते. माती अतिशय आम्लधर्मी नसेल तर भाजीलाही ते चालतात. जुना रंग असलेल्या वस्तूंबाबत मात्र सावध राहावे. घरगुती रंगांतले शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या ट्रंका, पाळणे आणि खुर्च्या यांच्या पोपड्यांत शिसे असण्याची दाट शक्यता असते. अशा ट्रंकेत शेवंती लावावी, पालक लावू नये, आणि तिचा रंग कोरडा घासून उडवत बसू नये.

काही वस्तू मी फुकट मिळाल्या तरी घरी आणत नाही. जुन्या अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या टाक्या आणि नळ कापले किंवा भोक पाडले की त्यांचे तंतू हवेत उडतात, आणि ते श्वासातून आत गेल्यास कर्करोगाला कारण ठरतात. फ्रिजच्या सांगाड्यात फोम आणि नळ्यांत शीतक वायू असतो, नव्या फ्रिजमधला तर ज्वलनशील असतो, त्यामुळे तो घरी कापण्याची वस्तू नव्हे. तो ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडेच जावा. निळे पिंप उभे कापून दोन लांबट वाफे होतात, ते उन्हालाही टिकतात, पण त्यात आधी काय होते हे विकणाऱ्याला सांगता आले नाही तर ते घेऊ नये. “साबणच होता, ताई” हे उत्तर मी उत्तर मानत नाही.

गच्चीवर जे काही न्यायचे त्याच्या वजनाचा हिशेब आधी करावा. ओली माती लिटरमागे साधारण दीड किलो भरते. ४५ लिटरचा ड्रम मातीने भरला आणि पाणी घातले की तो ७० किलोंच्या घरात जातो, आणि ते वजन जेमतेम ०.१७५ चौरस मीटर जागेवर येते, म्हणजे चौरस मीटरमागे ३५० किलोंपेक्षा जास्त. ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलोंचा भार धरलेला आहे. हा आकडा सर्व गच्चीवर पसरलेल्या भाराचा असल्यामुळे एका ड्रमने स्लॅब कोसळत नाही, परंतु दहा ड्रम गच्चीच्या मधोमध एकत्र मांडणे हे मात्र धाडसाचे आहे. जड वस्तू खालची भिंत किंवा तुळई जिथून जाते त्या कडेला ठेवाव्यात, दोन वस्तूंमध्ये अंतर राखावे, मातीत कोकोपीट आणि सुका पाला भरपूर मिसळावा, आणि इमारत जुनी असेल तर एकदा अभियंत्याला विचारावे. दख्खनची काळी माती तर वजनासाठीच नव्हे, स्वभावासाठीही टाळावी; ती भिजली की फुगते, सुकली की आकसून भांड्याच्या कडेपासून सुटते, आणि घातलेले पाणी मग मुळांना न शिवता त्या फटीतून थेट खाली जाते.

धातूच्या सर्वच कुंड्यांना पश्चिमेचे ऊन वर्ज्य. मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावून पाहिल्यास कडेच्या मुळांचे काय होत असेल ते कळते. पूर्वेची बाजू मिळाली नाही तर बाहेरून चुना मारावा किंवा धातूच्या कुंड्या मातीच्या कुंड्यांच्या आड ठेवाव्यात. पावसाळ्यात चिंता वेगळी असते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात, आणि अंडी कोरड्या भांड्याच्या भिंतीला चिकटून महिनोन्महिने तग धरतात. त्यामुळे कुंड्यांखालच्या ताटल्या नुसत्या ओतून भागत नाही, त्या आठवड्यातून एकदा घासाव्याही लागतात. मी पावसाळाभर ताटल्या काढूनच टाकते आणि सर्व वस्तू विटांवर चढवते. त्याने तळही कोरडा राहतो आणि महापालिकेचे तपासनीस आले तर त्यांना दंड करायला जागा मिळत नाही.

विटांवर चढवूनही पत्रा शेवटी गंजतोच. तेलाचा १५ किलोंचा चौकोनी डबा आतून जाड प्लास्टिकचे अस्तर आणि बाहेरून रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचा हात दिल्यास काही पावसाळे काढतो, न दिल्यास पुष्कळच कमी. कोपरे आधी जातात, मग तळाची शिवण उसवते, आणि एक दिवस डबा उचलताना माती जागेवर राहून पत्रा तेवढा हातात येतो. अशा वेळी झाड दुसऱ्या डब्यात हलवायचे, गंजलेला पत्रा ठोकून चपटा करायचा आणि भंगारवाल्याची वाट पाहायची. देण्याआधी कोपऱ्यांतली माती नीट झटकावी, कारण माती दिसली की तो काट्यावर ठेवण्याआधीच भाव कमी करतो, आणि त्याचे ते बरोबरच असते.